वाचकांचे प्रश्न : गुरुराज देशपांडे आणि त्यांच्या दूरसंचार कंपन्या

गेल्या अंकात इंटरनेटच्या पायाभूत यंत्रणेवर जे टिपण प्रसिद्ध झाले, त्यात हुबळीत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एकामागून एक दूरसंचार कंपन्या उभारणाऱ्या गुरुराज देशपांडे यांचा दोन ओळींत उल्लेख होता. तेवढ्यावरून बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून त्यांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : देशपांडे यांनी नेमक्या किती कंपन्या काढल्या? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा वाचायला मिळतो.

संस्थापक या नात्याने त्यांनी स्वतः उभारलेल्या कंपन्या आणि आरंभीचा पैसा घालून किंवा अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी मोठ्या होऊ दिलेल्या कंपन्या यांची सरमिसळ होते, म्हणून आकडे जुळत नाहीत. पहिल्या गटात तीनच नावे येतात : कोरल नेटवर्क्स, कॅस्केड कम्युनिकेशन्स आणि सिकामोर नेटवर्क्स. दुसऱ्या गटात बंगळूरची तेजस नेटवर्क्स, बिनतारी यंत्रणेतील एअरव्हाना, तसेच दूरसंचाराशी संबंध नसलेली ए१२३ सिस्टिम्स ही बॅटऱ्या बनवणारी कंपनी, अशी नावे आढळतात. त्यांच्या कारकिर्दीबद्दल काही शिकायचे असेल, तर माझ्या मते पहिला गट पुरेसा आहे. त्यातही दुसरी आणि तिसरी कंपनी शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

या कंपन्यांच्या आधीचा भाग थोडक्यात असा. जन्म १९५० सालचा. मद्रासच्या आयआयटीतून १९७३ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी. नंतर कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण आणि किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात डेटा कम्युनिकेशन या विषयात पीएच.डी. पुढे कॅनडातच ते कोडेक्स या मोडेम बनवणाऱ्या कंपनीच्या कामात शिरले. ही कंपनी १९७७ पासून मोटोरोलाच्या मालकीची होती. १९८४ च्या सुमारास ते बोस्टनच्या परिसरात आले आणि तेथेच राहिले. म्हणजे पहिली कंपनी काढली तेव्हा ते पस्तिशी ओलांडलेले, नोकरीत मुरलेले अभियंते होते. वसतिगृहाच्या खोलीत कंपनी काढणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ज्या कथा आपण ऐकतो, त्यांच्याशी या आयुष्याचे फारसे साम्य नाही.

प्रश्न : पहिली कंपनी फसली, असे वाचले. ती का फसली?

कोरल नेटवर्क्स ही कंपनी १९८७ च्या सुमारास एका भागीदारासह सुरू झाली आणि तिला राउटर, म्हणजे एका जाळ्यातली माहिती दुसऱ्या जाळ्याकडे वळवणारी यंत्रे, बनवायचे होते. कंपनीने कोणत्या दिशेने जावे याबद्दल दोघांचे मत जुळले नाही आणि देशपांडे बाहेर पडले. पुढे १९९३ मध्ये सिनॉप्टिक्स या कंपनीने कोरल दीड कोटी डॉलरांना विकत घेतली. तोवर त्यांचा तिच्याशी संबंध उरला नव्हता. त्यामुळे कंपनी फसली असे म्हणण्यापेक्षा भागीदारी मोडली असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. राउटर बनवण्याची कल्पना काही वाईट नव्हती. त्याच काळात सिस्को ही अमेरिकी कंपनी त्याच कल्पनेवर वाढत होती. पुढच्या दोन्ही कंपन्यांत मात्र त्यांनी सहकारी निवडताना जी काळजी घेतली, तिचे मूळ या अनुभवात असावे, असे मला वाटते.

प्रश्न : कॅस्केड कम्युनिकेशन्स नेमके काय बनवत होती? 'फ्रेम रिले' म्हणजे काय, हे अभियंता नसलेल्या वाचकाला कळेल असे सांगता येईल का?

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत होता आणि तो योग्यही आहे, कारण यंत्र समजल्याशिवाय कॅस्केडला यश का मिळाले ते समजत नाही.

१९९० च्या आधी एखाद्या मोठ्या कंपनीला आपली दूरदूरची कार्यालये संगणकांनी जोडायची असतील, तर तिला टेलिफोन कंपनीकडून लीज्ड लाइन, म्हणजे चोवीस तास फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेली तार, भाड्याने घ्यावी लागे. अमेरिकेत टी-वन या नावाने ओळखली जाणारी अशी एक लाइन सेकंदाला १.५४४ मेगाबिट माहिती वाहून नेई. भाडे अंतरावर ठरे आणि लाइन वापरली काय नि न वापरली काय, ते द्यावेच लागे. संगणकांची देवाणघेवाण तर तुटक स्वरूपाची असते : एक क्षण माहितीचा लोंढा येतो आणि पुढची कित्येक मिनिटे काहीच नसते. साहजिकच भाड्याची लाइन बहुतांश वेळ रिकामी पडून राही. शिवाय दहा कार्यालये एकमेकांना थेट जोडायची म्हटली, की पंचेचाळीस लाइन लागत.

एकच वाट अनेक ग्राहकांनी वाटून वापरावी, हा त्यावरचा उपाय जुनाच होता. एक्स.२५ नावाची पद्धत १९७० च्या दशकापासून तेच करत होती. पण तिची आखणी तांब्याच्या गोंगाटी तारा गृहीत धरून झालेली होती. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचे यंत्र माहितीचा तुकडा उतरवून घेई, तो तपासून पाही, त्यात चूक आढळली तर मागच्या यंत्राकडून पुन्हा मागवी आणि मगच पुढे धाडी. एवढ्या तपासण्यांमुळे वेग मंदावत असे. दरम्यान प्रकाशतंतूंच्या (ऑप्टिकल फायबरच्या) वाहिन्या आल्या आणि वाटेत चुका होण्याचे प्रमाण इतके घटले, की टप्प्याटप्प्यावर तपासणी करण्यात काही अर्थ राहिला नाही. फ्रेम रिलेने नेमकी तीच तपासणी काढून टाकली. मधल्या स्विचने, म्हणजे माहिती योग्य वाटेला लावणाऱ्या यंत्राने, तुकड्यावरचा पत्ता वाचायचा, तुकडा शाबूत असल्यास तो योग्य दिशेने पुढे ढकलायचा आणि बिघडलेला असल्यास टाकून द्यायचा. हरवलेले पुन्हा मागवण्याची जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांनी सांभाळायची. ग्राहकाने आपल्या प्रत्येक कार्यालयातून टेलिफोन कंपनीच्या जाळ्यापर्यंत एकच लाइन घ्यायची आणि जाळ्याच्या आतले सर्व जोड सॉफ्टवेअरमध्ये आखले जायचे. किमान अमुक वेग मिळेलच, अशी हमी ठरावीक पैशांत मिळे आणि जाळे मोकळे असेल तेव्हा त्याहून अधिक वेगही मिळून जाई.

कॅस्केड असे स्विच बनवत होती. देशपांडे यांनी १९९० च्या सुमारास तिची सुरुवात केली, तेव्हा हे क्षेत्र रिकामे नव्हते. स्ट्राटाकॉम नावाची कॅलिफोर्नियातील कंपनी त्यात आधीपासून होती, जिला पुढे १९९६ मध्ये सिस्कोने सुमारे चार अब्ज डॉलर देऊन घेतले. कॅस्केडचा भर मात्र आरंभापासून स्वतःसाठी खासगी जाळे बांधणाऱ्या बड्या उद्योगांपेक्षा सार्वजनिक सेवा विकणाऱ्या टेलिफोन कंपन्यांवर राहिला. ज्या यंत्राच्या बळावर एक टेलिफोन कंपनी शेकडो ग्राहकांना सेवा विकणार, त्यात जोडणीची दारे भरपूर असली पाहिजेत, ते बंद न पडता चालले पाहिजे आणि त्याची देखभाल दुरून करता आली पाहिजे. या अपेक्षा एखाद्या कार्यालयीन यंत्रापेक्षा कितीतरी कडक असतात. त्या पूर्ण करणारा स्विच हाताशी असताना इंटरनेटचा विस्तार झाला आणि यूयूनेटसारख्या इंटरनेट सेवा कंपन्यांनीही आपल्या जाळ्याच्या कण्यासाठी हीच यंत्रे घेतली. १९९४ मध्ये कॅस्केडचे समभाग बाजारात आले आणि १९९७ मध्ये असेंड कम्युनिकेशन्सने ३.७ अब्ज डॉलरांच्या समभागांच्या बदल्यात ती विकत घेतली. त्या वेळी तिच्यात सुमारे ९०० माणसे काम करत होती.

प्रश्न : देशपांडे स्वतः संस्थापक असूनही मुख्य कार्यकारी अधिकारी दुसराच असे. असे का? आपली कंपनी दुसऱ्याच्या हाती देणे धोक्याचे नाही का?

कॅस्केडमध्ये आधी ते स्वतःच प्रमुख होते. १९९२ मध्ये डॅनियल स्मिथ यांना मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आणले गेले आणि देशपांडे यांनी विपणन व ग्राहकसेवेचे काम आपल्याकडे घेतले. वाचकाला हे पद उतरते वाटेल, पण नव्या यंत्राच्या कंपनीत ग्राहकाला पुढच्या वर्षी काय लागणार आहे हे ज्याला सर्वांत आधी कळते, तो उत्पादनाची दिशा ठरवतो. त्यामुळे त्यांनी हातचे काही सोडले, असे मला वाटत नाही. पगारपत्रके, कारखाना, तिमाही विक्रीचे उद्दिष्ट आणि गुंतवणूकदारांच्या सभा हे सारे अंगाखांद्यावरून गेलेला माणूस मिळाल्यावर संस्थापकाने ती खुर्ची धरून बसण्याचे कारण नव्हते. हीच जोडी १९९८ मध्ये प्रकाशतंतूंच्या जाळ्यांसाठी स्विच बनवणाऱ्या सिकामोरमध्ये पुन्हा एकत्र आली : देशपांडे अध्यक्ष, स्मिथ मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यांच्या जोडीला अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या वर्तुळातील रिचर्ड बॅरी आणि एरिक स्वॉन्सन हे दोन प्रकाशीय तंत्रज्ञानाचे जाणकार होते.

धोक्याविषयी बोलायचे तर कोरलमध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती दिलेली नव्हती, तरी ती हातातून गेलीच. पदावर कोण बसतो यापेक्षा दोघांना कंपनी एकाच दिशेने न्यायची आहे का, हे अधिक महत्त्वाचे ठरते. स्मिथ आणि देशपांडे यांची जोडी तर बाजार कोसळल्यावरही फुटली नाही.

प्रश्न : सिकामोर नेटवर्क्सचे समभाग पहिल्याच दिवशी पाचपट झाले आणि दोन वर्षांत होत्याचे नव्हते झाले. एवढा पैसा गेला कोठे? ही फसवणूक होती का?

आधी आकडे पाहू. २२ ऑक्टोबर १९९९ रोजी सिकामोरचा समभाग ३८ डॉलरांना विक्रीस आला आणि त्याच दिवशी १८४.७५ डॉलरांवर बंद झाला. ज्या कंपनीची त्याआधीच्या पूर्ण आर्थिक वर्षातली विक्री सव्वा कोटी डॉलरांपर्यंतही पोहोचली नव्हती, तिचे बाजारमूल्य १४ अब्ज डॉलरांच्या पुढे गेले. २००० च्या आरंभी एका समभागाचे तीन केले गेले आणि त्यानंतरही मार्चमध्ये भाव २०० डॉलरांच्या जवळ पोहोचला. त्याच महिन्यात कंपनीने सुमारे १५० डॉलर भावाने आणखी समभाग विकले आणि एक अब्ज डॉलरांहून अधिक रोकड उभी केली. २००१ च्या मध्यावर हाच समभाग दहा डॉलरांच्या खाली होता.

यातला बहुतेक पैसा कोठेही गेला नाही, कारण तो कधी कोणाकडून आलाच नव्हता. बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या व्यवहाराचा भाव गुणिले एकूण समभाग. प्रत्यक्षात हात बदलणारे समभाग त्यातले थोडे असतात आणि भाव उतरला की उरलेल्यांचे मूल्य कागदावरून पुसले जाते. संस्थापकांचे अब्जावधी डॉलर याच प्रकारचे होते. कंपनीच्या तिजोरीत जो खरा पैसा आला, तो मात्र मोठ्या प्रमाणात शिल्लक राहिला; त्याची हकीकत पुढच्या उत्तरात आहे.

फसवणुकीचा प्रश्न मी यंत्राच्या बाजूने पाहतो आणि त्या बाजूने पाहता सिकामोरचे यंत्र अस्सल होते. तेव्हा टेलिफोन कंपन्यांचे प्रकाशतंतूंचे जाळे सॉनेट नावाच्या पद्धतीने वर्तुळाकार बांधलेले असे. एका बाजूने तंतू तुटला, तर साधारण ५० मिलिसेकंदांत वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरवली जाई. या सुरक्षिततेसाठी जवळपास निम्मी क्षमता सदैव राखीव ठेवावी लागे. दोन शहरांमध्ये नवी मोठी जोडणी द्यायची, तर ती अशा अनेक वर्तुळांतून ओढत न्यावी लागे. प्रत्येक सांध्यावर माणसे जात, कार्डे बसवली जात आणि त्यात आठवडे किंवा महिने लोटत. वर्तुळांऐवजी जाळीदार रचना करावी, राखीव क्षमता अनेक वाटांनी मिळून वापरावी आणि नवी जोडणी नियंत्रणकक्षातून सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आखावी, हा सिकामोरचा विचार होता. तो बरोबर होता. आजची मोठी प्रकाशीय जाळी कमीअधिक फरकाने त्याच रीतीने चालतात.

चूक होती ती मागणीच्या अंदाजात, आणि ती एकट्या सिकामोरची नव्हती. इंटरनेटची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, हे वाक्य त्या काळात सभांत, अहवालांत आणि वर्तमानपत्रांत मंत्रासारखे म्हटले जाई. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत ती खरोखरच तेवढ्या वेगाने वाढली होती, हे विसरता कामा नये. म्हणजे कॅस्केडने आपली सर्वांत चांगली वर्षे ज्या वाढीवर काढली, ती खरी होती. त्यानंतर वेग उतरून वर्षाला दुप्पट असा झाला. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतील अँड्र्यू ओड्लिझ्को आणि केरी कॉफमन यांनी १९९८ मध्येच तसे दाखवून दिले होते. वर्षाला दुप्पट ही वाढही थोडी नव्हे. परंतु दर शंभर दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे बारापट, आणि त्या हिशेबाने जमिनीत घातलेले तंतू वर्षाला दुप्पट वाहतुकीने भरणे शक्यच नव्हते.

हे तंतू कोण घालत होते? १९९६ च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत स्पर्धा खुली केल्यावर नव्या कंपन्यांची एक पिढीच उभी राहिली, जी कर्जरोखे विकून पैसा उभारी, त्यातून तंतू आणि यंत्रे घेई आणि ग्राहक पुढे मिळतील अशी आशा धरी. सिकामोरचे पहिले गिऱ्हाईक विल्यम्स कम्युनिकेशन्स ही अशीच कंपनी होती. पहिल्या वर्षीची जवळजवळ संपूर्ण विक्री तिच्या एकटीच्या खरेदीतून झाली आणि पुढच्या वर्षीही बहुतांश विक्रीचा भार तिच्यावरच राहिला. रोखेबाजाराने हात आखडता घेताच या कंपन्यांची खरेदी थांबली. सिकामोरची विक्री जुलै २००१ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सुमारे साडेसदतीस कोटी डॉलर होती, ती पुढच्याच वर्षी साडेसहा कोटींवर आली. जानेवारी २००२ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग या दूरसंचार कंपनीने, एप्रिलमध्ये विल्यम्स कम्युनिकेशन्सने आणि जुलैमध्ये वर्ल्डकॉम या बड्या दूरसंचार कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

मला येथे कॅस्केडशी तुलना करावीशी वाटते, कारण माणसे तीच होती, विक्रीची रीत तीच होती आणि यंत्राची गुणवत्ताही उणी नव्हती. कॅस्केडचा स्विच घेणारी टेलिफोन कंपनी तो बसवल्यानंतर उद्योगांकडून दरमहा भाडे वसूल करू लागे आणि त्या भाड्यातून पुढचा स्विच घेई. सिकामोरचा स्विच घेणाऱ्या कंपनीकडे भाडे देणारे ग्राहक अजून यायचे होते. ती यंत्राचे पैसे कर्जातून भरत होती. विक्रीच्या नोंदीत दोन्ही डॉलर सारखेच दिसतात. देशपांडे यांच्यासारख्या अनुभवी माणसाच्या हे लक्षात यायला हवे होते का? हवे होते, असे माझे मत आहे. २००० च्या जूनमध्ये सिरॉको सिस्टिम्स ही शहरांतर्गत प्रकाशीय यंत्रे बनवणारी नवखी कंपनी २.९ अब्ज डॉलरांचे समभाग देऊन घेण्याचा जो निर्णय झाला, त्यावरून बाजार असाच चढत राहील हे त्यांनीही गृहीत धरले होते, असे दिसते. एवढे मात्र खरे, की हा सौदा समभागांत झाला आणि रोकड शाबूत राहिली.

प्रश्न : कंपनीकडे रोकड होती, मग ती बंद का केली?

कारण रोकड होती आणि धंदा उरला नव्हता. पुढची दहा वर्षे सिकामोरने कर्मचारी कमी केले, २००६ मध्ये ईस्टर्न रिसर्च ही कंपनी घेऊन मोबाइल कंपन्यांच्या बाजूला सरकण्याचा प्रयत्न केला आणि जुन्या ग्राहकांना सेवा देत राहिली. बड्या टेलिफोन कंपन्या परत खरेदीला आल्या तेव्हा त्यांनी थोड्याच, अवाढव्य पुरवठादारांशी करार केले. एका यंत्रावर उभ्या असलेल्या लहान कंपनीला त्यांच्या यादीत जागा मिळणे अवघड झाले. अशा स्थितीत बँकेतील पैशाचे मालक समभागधारक असतात आणि ते तो परत मागू लागतात. २००९ च्या अखेरीस जुन्या दहा समभागांचा एक केला गेला आणि दर समभागी १० डॉलर विशेष लाभांश दिला गेला. २०१० मध्ये ६.५० डॉलर आणि २०१२ मध्ये १२.५० डॉलर दिले गेले. प्रकाशीय स्विचचा मूळ व्यवसाय मार्लिन इक्विटी पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेला १ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलरांना विकला गेला आणि जानेवारी २०१३ मध्ये समभागधारकांनी कंपनी विसर्जित करण्यास संमती दिली.

मार्च २००० मध्ये १५० डॉलर भावाने दहा समभाग घेणाऱ्याने १,५०० डॉलर घातले असतील. नव्या हिशेबात त्याच्याकडे एकच समभाग उरला आणि त्यावर या तीन लाभांशांतून २९ डॉलर मिळाले. विसर्जनाच्या वेळची किरकोळ रक्कम धरली तरी या चित्रात फरक पडत नाही. आणखी एक जुळणी मला नोंदवावीशी वाटते : ४० अब्ज डॉलरांच्या पलीकडे बाजारमूल्य गेलेल्या कंपनीचा मूळ व्यवसाय अखेर जवळजवळ कोरलच्याच किमतीला विकला गेला.

प्रश्न : तेजस नेटवर्क्स ही देशपांडे यांची कंपनी आहे का? आणि ते नारायण मूर्ती यांचे नातेवाईक आहेत, हे खरे का?

नाते खरे आहे. देशपांडे यांच्या पत्नी जयश्री या सुधा मूर्ती यांच्या भगिनी. मात्र त्यांच्या अमेरिकेतील दूरसंचार उद्योगाशी या नात्याचा संबंध जोडण्याचे कारण दिसत नाही.

तेजस नेटवर्क्स २००० मध्ये बंगळूरमध्ये स्थापन झाली. ती चालवली संजय नायक, कुमार शिवराजन आणि अर्णब रॉय यांनी; देशपांडे आरंभीचे गुंतवणूकदार आणि अध्यक्ष होते. सिकामोर ज्या प्रकाशीय क्षेत्रात होती, त्याच क्षेत्रातली यंत्रे तेजसने भारतात आरेखित केली. फरक असा, की तिने सुरुवातीपासून भारतातील दूरसंचार कंपन्यांना विक्री केली आणि बाजार कोसळला तेव्हा ती इतकी लहान होती, की तिच्याकडे कोसळण्यासारखे फारसे काही नव्हते. २०१७ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. २०२१ मध्ये टाटा समूहाने पॅनाटोन फिनव्हेस्ट या आपल्या कंपनीमार्फत तिच्यातील नियंत्रक हिस्सा घेण्याचा करार केला. बीएसएनएलच्या ४जी जाळ्यासाठी टीसीएस आणि सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था यांच्यासह तेजसची रेडिओ यंत्रे वापरली जात आहेत.

प्रश्न : मी दूरसंचार यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत संशोधन विभागात काम करते. माझ्याकडे एक कल्पना आहे, पण ती प्रयोगशाळेच्या बाहेर कशी न्यावी ते कळत नाही. देशपांडे यांनी एमआयटीला दिलेल्या देणगीतून असेच काही चालते, असे ऐकले आहे.

जयश्री व गुरुराज देशपांडे यांनी दोन कोटी डॉलर देऊन २००२ मध्ये एमआयटीत देशपांडे सेंटर फॉर टेक्नॉलॉजिकल इनोव्हेशन सुरू केले. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतीत काही प्रमाणात सापडेल. तेथील प्राध्यापकांना कल्पना तपासून पाहण्यासाठी आधी लहान अनुदान दिले जाते. कल्पनेत दम आहे असे दिसले, तर पुढचे मोठे अनुदान मिळते. आणि प्रत्येक प्रकल्पाला उद्योगात प्रत्यक्ष काम केलेली स्वयंसेवक माणसे जोडून दिली जातात. या माणसांनी संशोधकाला संभाव्य ग्राहकांपर्यंत नेणे अपेक्षित असते, आणि तेही यंत्र पूर्ण होण्याच्या आधी. न्यू ब्रन्सविक विद्यापीठात आणि आयआयटी मद्रासमध्ये याच धर्तीची केंद्रे पुढे सुरू झाली; मद्रासचे केंद्र इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन आणि देशपांडे या दोघांच्या नावाने चालते.

आपल्या कल्पनेबद्दल पत्रात तपशील नसल्याने एवढेच सुचवतो. ज्यांना आपण यंत्र विकू असे वाटते, त्या पाच-सहा कंपन्यांचे वार्षिक अहवाल मिळवावेत. त्यांची भांडवली खरेदी ग्राहकांकडून येणाऱ्या उत्पन्नातून होते की नव्या कर्जातून, हे रोख प्रवाहाच्या पत्रकात दिसते. त्यांपैकी कोणा एकीवर आपली निम्म्याहून अधिक विक्री अवलंबून राहणार असेल, तर नोकरीचा राजीनामा लिहिण्याआधी दुसरे गिऱ्हाईक शोधावे. आपल्या कंपनीशी झालेल्या नोकरीच्या करारात शोधांच्या मालकीबद्दल काय म्हटले आहे, तेही एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावे. कार्यालयाच्या वेळेत आणि तेथील उपकरणांवर सुचलेल्या कल्पनेवर बहुधा कंपनीचाच हक्क असतो आणि तो प्रश्न सुटल्याखेरीज कोणताही गुंतवणूकदार पुढे येणार नाही.